शैक्षणिक मार्गदर्शनातील तंत्रज्ञानाचा वापर : विजयदुर्ग परिसराच्या संदर्भात एक चिकित्सक दृष्टिक्षेप

गोषवारा

महाविद्यालयीन प्रवेश, विषयनिवड आणि श्रेयांकांची नोंद या तिन्ही प्रक्रिया महाराष्ट्रात आता बहुतांशी संगणकाधिष्ठित झाल्या आहेत. या बदलामुळे विद्यार्थ्याला मिळणारे शैक्षणिक मार्गदर्शन वाढले काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग परिसर समोर ठेवून या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. उपलब्ध व्यवस्था निवडीची नोंद करते, परंतु निवडीचे परिणाम समजावून सांगत नाही, असे प्रतिपादन येथे करण्यात आले आहे.

बीजशब्द : शैक्षणिक मार्गदर्शन, ऑनलाइन प्रवेश, श्रेयांक, कल चाचणी, कोकण, किनारी समाज.

१. प्रस्तावना

शिक्षण आणि मार्गदर्शन या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत, ही भूमिका कोठारी आयोगाने (१९६४-६६) स्पष्टपणे मांडली होती. मार्गदर्शन ही अडचणीत सापडलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांची सोय नसून सर्व विद्यार्थ्यांची गरज आहे, असा त्या भूमिकेचा आशय होता. त्यानंतरच्या सहा दशकांत मार्गदर्शनाची साधने पार बदलली. सूचनाफलक आणि माहितीपत्रक यांची जागा प्रथम संकेतस्थळाने, नंतर भ्रमणध्वनीने घेतली. साधन बदलले म्हणजे कार्य सुधारले, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती या काळात बळावली. त्या गृहीतकाची तपासणी महानगरातील महाविद्यालयात बसून पुरी होत नाही. जेथे पर्याय थोडे आणि चुकीची किंमत मोठी, अशा ठिकाणी ती करावी लागते.

विजयदुर्ग हे असे ठिकाण आहे. देवगड तालुक्याच्या उत्तर टोकाला, वाघोटन खाडीच्या मुखाशी वसलेल्या या गावाची सर्वसामान्य ओळख किल्ल्यामुळे आहे. मासेमारी आणि हापूस आंबा हे परिसराचे मुख्य आधार. पदवी शिक्षणासाठी येथील मुलामुलींना देवगड वा कणकवली गाठावी लागते, अन्यथा मुंबईतील नातेवाइकांकडे राहावे लागते. देवगडचे श्री. स. ह. केळकर महाविद्यालय असो वा जिल्ह्यातील इतर संलग्न महाविद्यालये, त्यांचे विद्यापीठ चारशेहून अधिक किलोमीटरवरील मुंबई विद्यापीठ आहे. निर्णय घेणारी व्यवस्था आणि तो भोगणारा विद्यार्थी यांच्यातील हे अंतर तंत्रज्ञानाने मिटेल, अशी अपेक्षा होती.

२. गुणवत्तेचे चित्र आणि त्यामागील रिकामी जागा

सिंधुदुर्ग हा शैक्षणिकदृष्ट्या मागास जिल्हा नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ अस्तित्वात आल्यापासून दहावी-बारावीच्या निकालांत हा विभाग सातत्याने राज्यात अग्रस्थानी राहिला आहे. त्याच वेळी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ८,६८,८२५ वरून २०११ मध्ये ८,४९,६५१ इतकी घटली. उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक आणि माणसे मात्र कमी होत जाणारी, असे हे विलक्षण चित्र आहे. या घटीची कारणे अनेक असली तरी एक गोष्ट उघड आहे. येथील विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होण्यात कमी पडत नाही. उत्तीर्ण झाल्यानंतर कोणत्या वाटेने जावे, याविषयीचे मार्गदर्शन त्याला कमी पडते.

३. कल चाचणीचा अनुभव

मार्गदर्शनासाठी तंत्रज्ञान वापरण्याचा राज्यस्तरीय मोठा प्रयत्न म्हणून दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या कल चाचणीचा उल्लेख करावा लागेल. संगणकावर घेतल्या जाणाऱ्या या चाचणीतून विद्यार्थ्याचा ओढा कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांपैकी कोणत्या क्षेत्राकडे आहे, हे सांगितले जात असे. लक्षावधी विद्यार्थ्यांपर्यंत एकाच वेळी पोहोचण्याचे सामर्थ्य केवळ तंत्रज्ञानात होते, हे या उपक्रमाचे श्रेय मान्य केले पाहिजे.

तथापि त्या सात कप्प्यांत किनाऱ्यावरील मुलाचे जग नेमके कोठे बसते, हे पाहू गेल्यास मर्यादा लक्षात येते. बोटीचे यंत्र दुरुस्त करणारा, माशांच्या जाती आणि हंगाम जाणणारा, जाळे विणणारा मुलगा तांत्रिक क्षेत्राचा की कृषी क्षेत्राचा? चाचणीने उत्तर कोणतेही दिले, तरी त्या उत्तरापुढे 'म्हणून आता काय करावे' हे सांगणारा माणूस लागतो. अहवाल हाती आला आणि संवाद झाला नाही, तर अहवाल कपाटात जातो. अकरावीची शाखा मग जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जी उपलब्ध आहे, तीच ठरते.

४. एका निवडीची किंमत

या ठिकाणी एक उदाहरण कल्पून पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, विजयदुर्गातील मच्छीमार कुटुंबातील एका मुलीने दहावीनंतर, मैत्रिणी जातात म्हणून आणि एस. टी. सोयीची आहे म्हणून, वाणिज्य शाखा घेतली. दोन वर्षांनी तिला मत्स्यविज्ञानाच्या पदवीविषयी कळले. ही पदवी देणारे महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगाव येथे आहे. ते तिच्याच किनाऱ्यावरचे आणि तिच्या घरच्या व्यवसायाशी निगडित आहे. परंतु त्या अभ्यासक्रमासाठी बारावी विज्ञान शाखा आणि प्रवेश परीक्षा आवश्यक असल्याने तो दरवाजा दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला असतो. तो बंद करताना कोणीही तिला थांबवले नाही. अर्ज बिनचूक होता आणि नोंदणी वेळेत झाली होती, त्यामुळे व्यवस्थेच्या दृष्टीने सर्व काही सुरळीत पार पडले.

शेतीच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. विजयदुर्गाच्या शेजारी रामेश्वर येथे कोकण कृषी विद्यापीठाचे आंबा संशोधन उपकेंद्र आहे. बागायतदार तेथे सल्ल्यासाठी जातात. त्यांच्या मुलांना मात्र त्याच विद्यापीठाचे अभ्यासक्रम, त्यांची पात्रता आणि त्यांसाठी अकरावीत घ्यावयाचे विषय यांची माहिती कोणत्या टप्प्यावर मिळते, हा प्रश्न उरतोच. ही माहिती संकेतस्थळांवर उपलब्ध आहे. परंतु शोधणाऱ्याला आधी काय शोधायचे, हे ठाऊक असावे लागते.

५. ऑनलाइन प्रवेश : काळ, स्थळ आणि मध्यस्थ

पूर्वी महानगर क्षेत्रांपुरती मर्यादित असलेली अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून संपूर्ण राज्यात लागू करण्यात आली. विद्यार्थ्याला दहापर्यंत पसंतीक्रम देण्याची मुभा मिळाली. मे २०२५ मध्ये नोंदणीच्या आरंभीच संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी काही दिवस पुढे ढकलावी लागली. मुंबईत दहा पसंतीक्रमांना अर्थ आहे, कारण तेथे लोकलच्या अंतरात दहा महाविद्यालये असतात. विजयदुर्गातील विद्यार्थ्याला जाऊन-येऊन शिकता येईल अशी महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. एका भूगोलासाठी आखलेले साधन दुसऱ्या भूगोलावर जसेच्या तसे ठेवल्याने निवडीचा आभास निर्माण होतो, निवड वाढत नाही.

काळाचा प्रश्नही दुर्लक्षित राहिला आहे. प्रवेशाचे दिवस म्हणजे जून-जुलै. कोकणात ते मुसळधार पावसाचे, वीज आणि नेटवर्क वारंवार खंडित होण्याचे दिवस. मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे मच्छीमार घरांत नेमकी याच काळात रोख रकमेची चणचण असते. शुल्क भरण्याची मुदत आणि घरातील मिळकत यांचा मेळ कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाही.

या अडचणींतून मार्ग काढण्यासाठी विद्यार्थी सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जातो. अर्ज भरून देणारा चालक हा तेथील व्यवस्थेचा शेवटचा आणि एकमेव मानवी दुवा ठरतो. पडद्यावर विषयांची यादी उघडते, मागे रांग वाढत असते, आणि 'यातला कुठला टाकू?' एवढ्या प्रश्नावर तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठरून जातो. या चालकाला दोष देता येणार नाही. जे काम महाविद्यालयाने करावयाचे, ते त्याच्यावर येऊन पडले आहे.

६. श्रेयांकांची पेढी आणि सल्ल्याची वाढलेली गरज

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसारची रचना राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अमलात आली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, कार्यप्रशिक्षण अशा अनेक स्तंभांतून विद्यार्थ्याने आपली पदवी रचावयाची आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा परतण्याची सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार श्रेयांक पेढीत हे श्रेयांक साधारणतः सात वर्षे जमा राहू शकतात.

हंगामी व्यवसायावर जगणाऱ्या कुटुंबांसाठी ही सोय खरोखर मोलाची आहे. वडिलांच्या आजारपणामुळे एखाद्या वर्षी बाग सांभाळावी लागलेला विद्यार्थी पुन्हा महाविद्यालयात येऊ शकतो. परंतु निवडीचे स्वातंत्र्य जितके विस्तारते, तितकी सल्ल्याची गरज वाढते. पेढी जमा दाखवते. कोणता दुय्यम विषय घेतल्यास पुढे कोणती पदव्युत्तर वाट मोकळी राहील, हे ती सांगत नाही. शिवाय लहान महाविद्यालयात शिक्षक मोजके असल्याने यादीतील पर्याय कागदावर राहतात आणि प्रत्यक्षात एखाद-दुसराच विषय शिकवला जातो.

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या मूल्यांकनात मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर विचारले जाऊ लागले, तेव्हापासून महाविद्यालयांत पालक-शिक्षक योजनेच्या नोंदी, गूगल फॉर्म आणि व्हॉट्सॲप गट यांची वाढ झाली. गुणोत्तर हे संख्येचे माप आहे. संभाषण झाले की नाही, हे त्यातून कळत नाही. तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक पुढील वर्षी असेलच याची शाश्वती नसताना, त्याने विद्यार्थ्याला तीन वर्षांचा सल्ला द्यावा ही अपेक्षाही अवास्तव ठरते.

७. परदेशातील अनुभवाचा अर्थ

तंत्रज्ञानाधारित मार्गदर्शनाचे समर्थन करताना अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे उदाहरण हमखास दिले जाते. २०१२ पासून तेथे आठशेहून अधिक निकषांवर विद्यार्थ्यांच्या वाटचालीवर संगणकाद्वारे लक्ष ठेवले जाते आणि धोक्याची सूचना मिळताच सल्लागार विद्यार्थ्याला भेटतो. या उदाहरणाचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. त्या विद्यापीठाने प्रणालीबरोबर चाळीसहून अधिक नवे सल्लागार नेमले होते. सूचना यंत्र देत होते, भेट माणूस घेत होता.

अशा प्रणालींचे धोकेही उघड झाले आहेत. पर्ड्यू विद्यापीठाच्या 'कोर्स सिग्नल्स' या प्रणालीच्या यशाच्या दाव्यांवर २०१३ मध्ये अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतले. काही अमेरिकी विद्यापीठांच्या प्रणालींत विद्यार्थ्याचा वंश हा जोखमीचा निकष म्हणून वापरला जात असल्याचे २०२१ मध्ये पत्रकारांनी दाखवून दिले. भारतात उद्या अशा प्रणाली आल्या, तर जात, गाव आणि पालकांचा व्यवसाय यांवरून विद्यार्थ्याची उडी आधीच मोजली जाण्याचा धोका आहे. मच्छीमाराच्या मुलीला विज्ञान 'जड जाईल', असे भाकीत यंत्राने केले, तर जुनाच पूर्वग्रह नव्या अधिकारवाणीने बोलू लागेल.

८. समारोप

तंत्रज्ञानाचा अव्हेर करावा, असा या चिकित्सेचा निष्कर्ष नाही. घाट आणि खाड्या ओलांडून अर्जासाठी माराव्या लागणाऱ्या खेपा ऑनलाइन व्यवस्थेने वाचवल्या, हे निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो नोंदणीलाच मार्गदर्शन समजण्यावर. त्या दृष्टीने काही गोष्टी अल्प खर्चात शक्य आहेत. प्रत्येक शाखेच्या निवडीने कोणते अभ्यासक्रम खुले राहतात आणि कोणते बंद होतात, याचा सुबोध मराठी तक्ता दहावीच्या वर्गात, परीक्षेपूर्वीच पोहोचवता येईल. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयातील शिक्षक ठरलेल्या वेळी दूरध्वनीवर उपलब्ध राहू शकतील आणि त्या तासांची गणना त्यांच्या कार्यभारात करता येईल. मत्स्य महाविद्यालय, कृषी विद्यापीठ आणि स्थानिक महाविद्यालय यांनी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर अशा गावांत एकत्रित बैठका घेतल्यास, मुंबईहून सुटीत आलेले माजी विद्यार्थीही त्यांत सहभागी होऊ शकतील. सेवा केंद्रातील चालकाच्या हाती तोच तक्ता दिला, तर 'यातला कुठला टाकू?' या प्रश्नाआधी 'पुढे काय करायचं आहे?' हा प्रश्न विचारला जाण्याची शक्यता तरी निर्माण होईल.