सुटकेची वाट एकच का?

अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ शिक्षकांनी अवश्य वाचावे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या या केंद्राने व्यसनी माणसाला रुग्ण मानले आणि व्यसनातून सुटलेल्यांनाच कार्यकर्ते केले. हे मोठे बळ आहे. पण वाचताना एक भान ठेवावे, असे आम्हाला वाटते. आपण ज्या वाटेने सुटलो तीच खरी, असे सुटलेल्याला वाटते. त्या वाटेवर अडखळलेले मोजणीत येत नाहीत. म्हणूनच काही केंद्रांतले कर्मचारी पर्यायी औषधाला ‘एक व्यसन सोडून दुसरे’ म्हणतात. प्रत्यक्षात हेरॉइनच्या रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन नियमित दिल्यास मृत्यू घटतात, हे अनेक देशांत मोजून पाहिलेले आहे.

गोंदिया जिल्ह्यात, विडी-खर्ऱ्याच्या मुलखात, हाच वाद निकोटिनच्या च्युइंगगमबाबत उद्भवतो. सवय लागते निकोटिनची. कर्करोग होतो तो मुख्यतः धुरातील आणि तंबाखू-सुपारीतील इतर द्रव्यांमुळे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हे च्युइंगगम अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मग विडी सोडू पाहणाऱ्या पालकाला ‘मन घट्ट करा’ एवढेच सांगून कसे भागेल? निश्चय हवाच, पण औषधाची जोड घेतल्याने तो कमी प्रतीचा ठरत नाही.