पाणी उचलणारे विमान : 'ऑलवेज'मधील एक राहून गेलेली गोष्ट

स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'ऑलवेज' (१९८९) हा चित्रपट वरच्या वर्गांना जरूर दाखवावा. मात्र शिक्षकांनी थोडी तयारी करून दाखवावा. सुरुवातीलाच तळ्यात दोघेजण होडीत बसून मासे धरत आहेत. त्यांच्या पाठीमागून एक अवजड विमान पाण्याला घासत, पोटात पाणी भरून घेत येते. दोघे घाबरून तळ्यात उड्या टाकतात. प्रेक्षक हसतात आणि विमानाची करामत तिथेच विसरली जाते.

हे विमान म्हणजे कॅटालिना. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेणे, समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणणे ही त्याची कामे. खालचा भाग बोटीसारखा. नंतरच्या नमुन्यांना चाकेही बसवली, म्हणून ते उभयचर. युद्ध संपल्यावर शिल्लक राहिलेल्या अशा काही विमानांत टाक्या बसवून ती वणवे विझवण्यासाठी वापरली गेली.

पंप नसताना पाणी टाकीत चढते कसे? विमान ताशी १२० कि.मी., म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर वेगाने जात आहे असे धरू. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट, असे गणित केले तर उत्तर सुमारे ५६ मीटर येते. म्हणजे पाण्यात बुडवलेल्या छोट्या नळीच्या तोंडाशी ५६ मीटर उंचीच्या टाकीइतका दाब! आता ४,००० लिटर पाणी १२ सेकंदांत घेतले असे समजा. स्थिर पाण्याला विमानाचा वेग द्यायला सुमारे ११,००० न्यूटन बल लागते. तेवढ्याच बलाने पाणी विमानाला मागे खेचते. वैमानिकाला तेव्हा इंजिनांचा जोर वाढवावा लागतो. न्यूटनचा तिसरा नियम शिकवायला खडकवासल्याच्या जलाशयावर असे विमान उतरल्याची कल्पना करायला सांगावी. चित्रपटात मात्र हा सारा प्रसंग विनोदापुरताच उरतो.

शिल्लक विमान स्वस्तात मिळते, पण ते स्वस्तात चालते का? याचे उत्तर आपल्याकडेच आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना काढला. युद्धकाळात तिथे कॅटालिनांची दुरुस्ती होई. युद्धानंतर तिथेच शिल्लक डाकोटा विमाने नागरी वापरासाठी तयार केली गेली. आपल्या प्रवासी सेवेत मात्र स्थिरावली ती डाकोटाच. १९४९ साली नागपूरला चारही दिशांची टपाल विमाने रात्री एकत्र येऊ लागली, तीही डाकोटाच. दोन्ही विमानांना सुमारे १,२०० अश्वशक्तीची दोन-दोन इंजिने. पण बोटीच्या आकाराचा भार आणि हवेचा वाढीव रोध यांमुळे कॅटालिना ताशी २०० कि.मी.च्या आसपास रेंगाळे, तर डाकोटा २६० पर्यंत जाई. धावपट्टी असलेल्या गावाला बोटीचे पोट कशाला हवे? उलट मकावला धावपट्टी नव्हती, म्हणून १९४८ मध्ये हाँगकाँगहून तिथे कॅटालिनाच जात असे. ओझे की सोय, हे ठरते कामावरून. वणव्यात तेच पोट विमानाची खरी ताकद ठरले.

'ऑलवेज'वर माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. १९४३ सालच्या एका युद्धपटाची कथा स्पिलबर्ग यांनी जंगलातल्या आगीवर आणून बसवली. कल्पना चांगली, विमानांप्रमाणे कथेलाही नागरी जन्म मिळाला. परंतु नायक मित्राच्या कॅटालिनाला लागलेली आग विझवताना मरतो आणि पुढचा चित्रपट त्याच्या आत्म्याचा होतो. रणांगण गेले तरी हौतात्म्य हवेच! वणवा विझतो तो तळे ते आग आणि आग ते तळे अशा कंटाळवाण्या खेपांनी. तो कंटाळा, ती शिस्त पडद्यावर फारशी दिसत नाही.

'युद्धामुळे विज्ञानाची प्रगती होते' हे वाक्य आपल्या निबंधांत हटकून येते. ते तपासायला हा चित्रपट उपयोगी पडेल. युद्धाने विमान दिले खरे, पण त्याचा उपयोग शोधला तो शांततेतल्या गरजेने. ती गरज पक्की कळल्यावर कॅनडात मुळातच आग विझवण्यासाठी आखलेले कॅनडेर सीएल-२१५ हे उभयचर विमान १९६७ साली उडाले. मुलांना चित्रपट दाखवल्यावर एवढेच विचारावे : युद्ध झाले नसते, तर वणव्यासाठी असे विमान कोणी बांधले असते का, आणि कशासाठी थांबले असते?