सेंद्रिय तनुपटलातील स्विचिंग : रेणूचे की विद्युताग्राचे?

दोन विद्युताग्रांच्या मध्ये सेंद्रिय रेणूंचे अतिशय पातळ पटल ठेवून व्होल्टता वाढवत नेली असता काही पटलांतील प्रवाह एका टप्प्यावर एकाएकी अनेक पटींनी वाढतो. व्होल्टता काढून घेतली तरी ही अवस्था टिकते आणि विरुद्ध व्होल्टतेने पुसली जाते. संगणकाच्या स्मृतीसाठी हा गुणधर्म उपयोगी पडेल, या आशेने १९७९ साली पोटेंबर, पोहलर व कोवन यांनी तांबे-टीसीएनक्यू पटलावरील निष्कर्ष प्रसिद्ध केल्यापासून या विषयावर विपुल लेखन झाले. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : स्विच नेमके कोण होते?

या दृष्टीने रोज बेंगाल या रंगद्रव्याचे उदाहरण बोलके आहे. नेत्रतपासणीत वापरल्या जाणाऱ्या या गुलाबी रंगाच्या रेणूत चार आयोडीन व चार क्लोरीन अणू असतात. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेतील बंद्योपाध्याय व पाल यांनी २००३ मध्ये त्याच्या पटलात सुमारे १,००,००० पट वाहकताबदल नोंदविला. क्षपणामुळे रेणूतील खंडित संयुग्मन पुन्हा जुळते आणि इलेक्ट्रॉनांना वाट मिळते, असे त्यांचे विवेचन होते. हे विवेचन सुंदर आहे. रसायनशास्त्राला त्याने मोठे आश्वासन दिले : रेणूवरील गट बदला, स्मृती बदलेल.

तथापि २००६ मध्ये जर्मनीतील युलिख येथील कार्टहॉयझर, ल्युसेम, वासर प्रभृतींनी उपकरणातील घटक एकेक करून बदलून पाहिले. त्यांच्या उपकरणात स्विचिंग मुख्यत्वे रेणूवर अवलंबून नव्हते. जस्ताचे ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम यांचे तंतू रंगद्रव्याच्या थरातून आरपार गेले होते आणि ॲल्युमिनियमलगतचा ऑक्साइडाचा पातळ थरच स्विच होत होता. ॲल्युमिनियम ऑक्साइडाचे असे वर्तन हिकमॉट यांनी १९६२ मध्येच दाखविले होते. चाळीस वर्षांनी ते रेणूच्या नावावर जमा होण्याचा धोका निर्माण झाला, हे नवलच म्हणावे लागेल.

युलिखच्या उपकरणात जस्ताच्या ऑक्साइडाचा थर होता. म्हणून त्या निष्कर्षाने प्रत्येक सेंद्रिय पटलाचा निकाल लागत नाही. परंतु सिद्ध करण्याची जबाबदारी त्यामुळे रेणूचा दावा करणाऱ्यावर येते. रंगद्रव्य बदलल्यावर परिणाम बदलतो, एवढ्यावरून रेणू कर्ता ठरत नाही. रेणू बदलला की पटलाची जाडी, त्यातील सूक्ष्म छिद्रे आणि धातूशी होणारी अभिक्रियाही बदलते.

या वादाचा संबंध आमच्या वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांशीही येतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पात काचेवर रंगद्रव्य पसरवून वर ॲल्युमिनियम चढविणे तुलनेने सोपे आहे, आणि वक्रात उडी दिसली की प्रबंध लिहून टाकण्याचा मोहही तितकाच सोपा. ॲल्युमिनियम वसईच्या दमट हवेतच काय, कोणत्याही हवेत ऑक्साइडाचा थर धरते. तेव्हा रंगद्रव्याविना एक नमुना, सोन्याच्या विद्युताग्राचा एक नमुना आणि निरनिराळ्या क्षेत्रफळांचे संपर्क एवढे तरी तपासले पाहिजे. प्रवाह सर्व पटलातून वाहत असेल तर तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढेल. एखाद्या तंतूतून वाहत असेल तर वाढणार नाही. सोने महाग, हे मान्य; पण बाकीच्या दोन चाचण्यांना मुखवट्याची वेगळी भोके आणि थोडा संयम एवढेच लागते.

रेणूचा दावा पुराव्यानिशी मांडता येतो, हे कोलकात्याच्या त्याच संस्थेतील श्रीब्रत गोस्वामी यांच्या सहभागाने झालेल्या २०१७ मधील संशोधनावरून दिसते. श्रीतोष गोस्वामी, वेंकटेशन व सहकाऱ्यांनी रुथेनियमच्या ॲझो-संयुगाच्या पटलावर व्होल्टता चालू असतानाच रमण वर्णपट घेतले आणि वाहकता बदलते त्याच वेळी रेणूची क्षपण-अवस्था बदलते, हे दाखविले. सुमारे ३५० उपकरणांवर पुनरावृत्ती व १०¹² आवर्तनांपर्यंतचा टिकाऊपणा त्यांनी नोंदविला आहे. यातील टिकाऊपणाच्या आकड्यांचीच चर्चा अधिक होते. प्रस्तुत लेखिकेच्या मते त्या शोधनिबंधाचे खरे बळ वर्णपटांच्या आकृत्यांत आहे.