यूला शंकू नाही, म्हणून तो शंकुधारी नाही?

परभणीत पाइन नाही, देवदारही नाही. इथं शंकुधारी झाड बघायचं तर बंगल्याच्या फाटकाजवळची मोरपंखी बघा. (सुरूला फसू नका. त्याच्या हिरव्या काड्या सुयांसारख्या दिसतात, पण ते सपुष्प झाड आहे.) मोरपंखीला शिंगं फुटल्यासारखे छोटे शंकू येतात. आता सांगा, तिचं जवळचं नातं कुणाशी? पाइनशी, की हिमालयातल्या यूशी, म्हणजे थुनेरशी?

बहुतेक जण पाइन म्हणतील, कारण यूला शंकूच नसतो. उत्तर मात्र यू आहे. हे उत्तर पटायला इतका वेळ का लागला, ते समजायचं तर बिरबल साहनींचा १९२० सालचा यूच्या बीजावरचा लेख वाचावा लागतो.

साहनींचं म्हणणं थोडक्यात असं: पाइनमध्ये बी खवल्यावर बसते आणि असे अनेक खवले मिळून शंकू होतो. यूमध्ये छोट्या फांदीच्या टोकाला एकच बी, भोवती लाल मांसल पेला. खवला नाहीच. शिवाय बीजाच्या आतल्या रचनेत त्यांना फार जुन्या वनस्पतींच्या खुणा दिसल्या. म्हणून यू आणि त्याच्या जवळच्यांना शंकुधारींतून काढून 'टॅक्सेल्स' हा वेगळा गण करा, असं त्यांनी सुचवलं. १९४८ मध्ये स्वीडनच्या रुडॉल्फ फ्लोरिन यांनीही यू वेगळाच ठेवला.

या युक्तिवादाची ताकद आधी मान्य करू. साहनी पानांच्या दिसण्यावर थांबले नाहीत, बीजाच्या आत शिरले. पण एक जागा कच्ची राहते. 'शंकू नाही' याचे दोन अर्थ होतात: कधी नव्हताच, किंवा होता आणि गेला. सापाला पाय नाहीत म्हणून आपण त्याला सरड्यांच्या कुळाबाहेर काढत नाही ना? साहनींनी पहिला अर्थ धरला. दुसरा अर्थ तपासायला वेगळा पुरावा लागतो, आणि डीएनए वाचायची सोय तेव्हा नव्हती. ती आल्यावर यू थेट मोरपंखी, जुनिपर, रेडवुड यांच्या कुळाशेजारी येऊन बसला. पाइनचं कूळ या दोघांपासून लांब राहिलं. म्हणजे यूच्या पूर्वजांना शंकू असावा आणि तो पुढे गेला, हेच जास्त पटतं.

मग आजचं वर्गीकरण निर्दोष आहे का? २०११ मध्ये क्रिस्टेनह्यूझ आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या यादीत शंकुधारींची सहा कुळं आहेत, यूचं त्यांत आहे. पण आपल्या सह्याद्रीतली नीटम ही रुंद पानांची वेल तिथं वेगळ्या उपवर्गात आहे. २००० पासूनचे बरेच जनुकीय अभ्यास मात्र तिच्या गटाला पाइनच्या कुळाशेजारी ठेवतात. ते खरं असेल, तर या वेलीला वगळून केलेला 'शंकुधारी' गट अर्धवटच ठरतो. काही विश्लेषणं तिला सगळ्या शंकुधारींच्या बाहेर ठेवतात, त्यामुळे यादी करणाऱ्यांची सावधगिरी मी समजू शकते.

माझी तक्रार आहे ती पदवीच्या तयार नोट्सबद्दल. तिथं कोनिफेरेल्स, टॅक्सेल्स, नीटेल्स असे तीन कप्पे येतात, कारण एकाचंही नाही. पाठ केलं की गुण मिळतात. पण नातं हा काही फक्त परीक्षेपुरता मामला नाही. कर्करोगावरचं टॅक्सॉल आधी अमेरिकेतल्या यूची साल काढून मिळवत, त्यात झाड मरायचं. पुढे त्याच्या युरोपातल्या भावकीच्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून ते बनवता आलं. पानं पुन्हा फुटतात.

तेव्हा तुमच्या वहीत 'टॅक्सेल्स' असेल तर खोडू नका. पुढे कंसात लिहा: साहनी, १९२०, बीजाच्या रचनेवरून. आणि खाली एक ओळ: डीएनएनुसार मोरपंखीच्या कुळाशेजारी.