अश्वांच्या अवयवांतील धातुसंचय : एका संशोधनदृष्टीची समीक्षा

प्रस्तावना : तळोद्याच्या शेजारी, शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्याचा जाणता गिऱ्हाईक जबडा उघडून दात पाहिल्याखेरीज सौदा करीत नाही, कारण दातांवरून वय कळते. अश्वांच्या अवयवांतील सूक्ष्म मूलद्रव्ये व जड धातू यांविषयीचे संशोधन वाचताना या व्यवहारज्ञानाची आठवण होते. तेथे धातूचे प्रमाण दशांशापर्यंत नोंदलेले असते. वय मात्र पुष्कळदा ढोबळ असते.

विवेचन : कॅडमियम मूत्रपिंडात, विशेषतः त्याच्या बाह्य भागात, प्रथिनाशी बद्ध होऊन वर्षानुवर्षे साठत राहते. मांसासाठी पाळलेले डुक्कर साधारण सहा महिन्यांत कापले जाते; घोडा २५ वर्षेही जगतो. अशा दोन प्राण्यांची केवळ आकड्यांनी तुलना करून घोड्याच्या चाऱ्याला दोष देणे तर्कदुष्ट होय. दुसरा दोष मोजमापाचा. मूत्रपिंडात सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असल्याने सुक्या वजनावरील आकडा ओल्या वजनावरील आकड्याच्या चौपट-पाचपट दिसतो. हा भेद न सांगता केलेली तुलना निरर्थक ठरते.

मूळ आक्षेप मात्र याहून खोल आहे. हे संशोधन प्रामुख्याने जेथे अश्वमांस खाल्ले जाते अशा देशांतील कत्तलखान्यांत वाढले. युरोपीय संघाने घोड्याच्या मांसात कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.२, तर मूत्रपिंडात १ मिलिग्रॅम ठरविली. त्यामुळे ‘हा अवयव खाण्यास योग्य आहे काय?’ हाच तेथील प्रमुख प्रश्न झाला. आपल्याकडे घोडा खाद्यप्राणी नाही. तो वरातीत नाचतो, टांगा ओढतो, ओझी वाहतो. येथे प्रश्न वेगळा आहे : घोडा कशाने आजारी पडतो, आणि त्याच परिसरातील गुरे व माणसे यांच्याविषयी त्यातून काय कळते?

हा प्रश्न विचारणारे संशोधन झालेच नाही, असे नाही. अमेरिकेत पेनसिल्वेनियातील जस्ताच्या भट्ट्यांच्या परिसरातील घोड्यांच्या सांधे व हाडांच्या विकारांचा संबंध जस्त व कॅडमियमच्या प्रदूषणाशी १९८२ साली जोडण्यात आला. जस्ताचा अतिरेक तांब्याच्या शोषणात अडथळा आणतो आणि तांब्याविना कूर्चा नीट घडत नाही. तेथे अवयवातील आकडा लंगडणाऱ्या जनावरापर्यंत पोहोचला, हे त्या अभ्यासाचे मोल.

अवयव मृत्यूनंतरच हाती येतात, म्हणून केसांकडेही पाहिले जाते. १९३२ साली मरण पावलेल्या ‘फार लॅप’ या प्रसिद्ध शर्यतीच्या घोड्याच्या जतन केलेल्या केसांतून, त्याने मृत्यूपूर्वी मोठ्या प्रमाणात आर्सेनिक घेतले होते, असा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. तथापि केसांवर बाहेरची धूळ बसते, आणि केसांतील कॅडमियमवरून मूत्रपिंडातील साठा खात्रीने सांगता येत नाही. केस हा पूरक पुरावा आहे, पर्याय नव्हे.

निष्कर्ष : फॉस्फेटयुक्त खतांतून कॅडमियम शेतात येऊ शकते. तापीखोऱ्यातील ऊस-कापसाच्या बांधावरचे गवत जनावरे खातात, आणि त्यांतल्या गाई-म्हशींचे दूध घरात येते. म्हणून हा विषय केवळ अश्वपालकाचा नाही. मात्र परदेशी तक्ते उचलून येथे भीती पसरविणे जितके चूक, तितकेच त्यांच्या आधारे निर्धास्त राहणेही चूक. नैसर्गिक मृत्यू आलेल्या घोड्यांचे, मालकाच्या संमतीने, शवविच्छेदन व्हावे. प्रत्येक नमुन्यासोबत वय, गाव, चारा, पाण्याचा स्रोत व आजाराचा इतिहास नोंदला जावा. आणि निष्कर्ष त्या मालकाला त्याच्या भाषेत कळविला जावा. ज्या आकड्यामागे घोड्याचे आयुष्य नोंदलेले नाही, तो आकडा अचूक असूनही अपुराच राहतो.