टोला कुणाला, वळ कुणाच्या पाठीवर?

शाहीर लहरी हैदर आणि शाहीर पिराजीराव सरनाईक यांच्या कोल्हापुरात आम्ही वाढलो. वगातला सोंगाड्या भर दरबारात राजाची फिरकी घेतो आणि पुढच्या रांगेतला गावचा पुढारी सगळ्यांत मोठ्याने हसतो, असे खेळ या मातीने पुष्कळ पाहिले. पुढाऱ्याला कळत असे की टोला आपल्यालाच आहे. तरी तो हसे, कारण न हसणे कमीपणाचे होते. आता पुढारी हसेनासे झाले आहेत. त्याचबरोबर आपले काही लिहिणारे-बोलणारे टोला आणि शिवी यांतला फरक विसरले आहेत. या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करावा, असे आम्हांस वाटते.

मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांनी एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर, नाव न घेता, विडंबन गायिले. समर्थकांनी खारमधील त्या कार्यक्रमाच्या जागेची मोडतोड केली. त्या विडंबनात दोन प्रकारचे टोले होते. एक २०२२ च्या पक्षफुटीवर होता. तो माणसाच्या कृतीवर, तीही सत्तेसाठी केलेल्या कृतीवर असल्याने व्यंगाच्या हक्कातला होता. दुसरा रिक्षा, दाढी, चष्मा यांच्यावर होता. रिक्षा चालवून पुढे आलेल्या माणसाची रिक्षा काढली, की टोला त्याच्यापाशी थांबत नाही. तो स्टँडवर उभ्या असलेल्या प्रत्येक रिक्षावाल्याला लागतो. आमच्या मोहल्ल्यातल्या कित्येक घरांची चूल त्याच तीन चाकांवर पेटते. विनोद म्हणून तो भाग कच्चा होता, एवढेच आम्ही म्हणू. पण कच्च्या विनोदाची शिक्षा हशा न मिळणे ही असते, हातोडा ही नव्हे.

रेषा स्पष्टपणे ओलांडल्याचेही उदाहरण आहे. कोपर्डीच्या अत्याचारानंतर २०१६ मध्ये मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले आणि मुली अग्रभागी चालल्या. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ‘सामना’च्या पुरवणीतील व्यंगचित्राने ‘मूक’वर ‘मुका’ अशी कोटी केली. एका मुलीवरील अत्याचारातून उठलेल्या मोर्चाला चुंबनाचा विनोद लावला गेला. मोर्चाच्या मागण्यांवर, नेत्यांवर, राजकारणावर हवी तेवढी टीका करता आली असती. चित्राने नेमक्या ज्यांच्याकडे सत्ता नव्हती त्या लेकींना धरले. चित्रकाराने दिलगिरी व्यक्त केली, उद्धव ठाकरे यांनी जाहीर माफी मागितली, ते योग्यच झाले. पण वृत्तपत्राच्या कार्यालयावर जे दगड पडले, त्यांनी त्या माफीत काही भर घातली नाही. ऑक्टोबरात कोल्हापुरातून निघालेल्या प्रचंड मोर्चाने कुणाला दगड न मारता जे उत्तर दिले, ते अधिक बोलके होते.

मग थोर दिवंगतांचे काय? वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८३ ची. १९९४ मध्ये ती बँक कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली आणि खटला उभा राहिला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले, तर समकालीन समाजमान्यतेची कसोटी अधिक कठोरपणे लावावी लागेल. माफी मागितलेल्या प्रकाशकाची सुटका झाली, कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगण्यात आले. न्यायालयाचा मान राखून, वाचक म्हणून आम्ही वेगळे म्हणतो. कवितेत शब्द कोणता आहे, यापेक्षा तो कुणावर पडतो हे आधी पाहावे. आमच्या वाचनात या कवितेचा नेम गांधीजींवर नाही. गांधीजींना नोटेवर आणि भिंतीवर टांगून त्यांच्या नावाने वाटेल ते करणाऱ्या आपल्यावर आहे. ती अनेकांना किळसवाणी वाटेल, पण किळस म्हणजे अवमान नव्हे.

इथवर मान डोलावणे सोपे आहे, कारण जखम दुसऱ्याची आहे. आता आपली घेऊ. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘लोकमत’ने आयसिसच्या पैशांवरील लेखासोबत डुकराच्या आकाराच्या गल्ल्याचे चित्र छापले आणि त्यावर आपल्या श्रद्धेची पवित्र नावे आली. लेख खुनी टोळीविरुद्ध होता, वळ मात्र त्या टोळीचा तिरस्कार करणाऱ्या सामान्य नमाजीच्या पाठीवर उठला. आम्हीही दुखावलो, ते लपवण्याचे कारण नाही. वृत्तपत्राने माफी मागितली. तरीही काही शहरांत त्याच्या कार्यालयांवर आपल्यातल्या काहींनी हल्ले केले. जो हातोडा खारमध्ये वाईट, तो आपल्या हातात चांगला कसा होईल?

हा प्रश्न आम्ही हौसेने विचारत नाही. ७ जून २०२३ रोजी कोल्हापूरने काय पाहिले ते सर्वांना आठवते. काही पोरांच्या मोबाइलवरील स्टेटसवरून, ज्यात व्यंग नव्हते की विनोद, शहर पेटले. ज्यांचा त्या स्टेटसशी काडीचाही संबंध नव्हता, अशांवर दगड आले. भावना दुखावल्या की दगड उचलायचा हा कायदा एकदा मान्य केला, की त्याचा सर्वांत मोठा भुर्दंड थोड्यांना, म्हणजे आपल्याला बसतो. तेव्हा दुसऱ्याच्या व्यंगासाठी मागतो ती सूट आणि आपल्या जखमेसाठी मागतो तो न्याय एकाच तराजूत तोलणे हे तत्त्व तर आहेच, आपली गरजही आहे.

अकबर इलाहाबादींनी सर सय्यद अहमद खान यांच्या इंग्रजी शिक्षणाची आयुष्यभर टर उडवली. स्वतः मात्र ते इंग्रज सरकारच्या न्यायखात्यात नोकरीला होते, मुलालाही त्यांनी विलायतेला धाडले होते. १८९८ मध्ये सर सय्यद गेले, तेव्हा याच अकबरांनी कबुली दिली, की आम्ही नुसते बोलत राहिलो, काम या माणसाने केले. उर्दूत साहित्यालाही अदब म्हणतात आणि मर्यादेलाही. ज्याची टर उडवली त्याच्या मयतीला खरे दुःख घेऊन उभे राहता यावे, एवढी अदब लिहिणाऱ्याने सांभाळावी. बाकीचे ऐकणाऱ्याने हसून सोडावे, नाहीतर लेखणी उचलून उत्तर द्यावे.