'लवचिक' या विशेषणाविषयी

मराठी समीक्षेत 'लवचिक' हे विशेषण आता बहुधा प्रशस्तिवाचक झाले आहे. शैली लवचिक असते, रूपबंध लवचिक असतो; कादंबरी हा तर सर्वांत लवचिक वाङ्मयप्रकार मानला जातो. या वापरात शब्दाचा निम्मा अर्थ गळून पडतो.

'लवणे' म्हणजे केवळ वाकणे नव्हे. पापणी लवते आणि उघडते. लवून मुजरा करणारा पुन्हा ताठ उभा राहतो. वेताच्या छडीला आपण लवचिक म्हणतो, ओल्या मातीला मऊ. माती दाबावी तशी बसते आणि तशीच राहते. (पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतला 'स्थितिस्थापक' हा शब्द अचूक खरा, पण समीक्षेत रुळला नाही हे बरेच झाले.) तेव्हा एखादी रचना लवचिक आहे असे म्हणताना ती कशापासून ढळते आणि कशाकडे परतते, हे दाखविता आले पाहिजे.

ओवीच्या बाबतीत ते दाखविता येते. ज्ञानेश्वरीतील (शके १२१२) ओवी अक्षरसंख्येचे बंधन मानीत नाही. एखादा चरण लांबतो, एखादा आखडतो, विधान एका ओवीतून पुढच्या ओवीत उतरते. तरीही पहिल्या तीन चरणांचे अन्त्ययमक आणि त्यामागून येणारा आखूड, यमकमुक्त चौथा चरण ही ठेवण टिकून राहते. तत्त्वविवेचन असो, दृष्टान्तांची मालिका असो की श्रोत्यांशी केलेली सलगी असो, त्या आखूड चरणापाशी श्वास जागेवर येतो. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही अक्षरबांधणी तुलनेने ताठ; गायनात ती सैलावते, तो प्रश्न वेगळा.

कादंबरीविषयी मात्र आपण हा शब्द फारच उदारपणे वापरतो. रोजनिशी, पत्रे, कागदपत्रे असे सारे काही ती सामावून घेते, हे खरे. पण मग तिला 'समावेशक' म्हणावे. आणि पुष्कळदा खरा शब्द 'सैल' हा असतो. तो दोषवाचक असल्यामुळे आपण 'लवचिक'चा आडोसा घेतो. माझ्या प्रबंधातही हा आडोसा जागोजाग आहे.

'कोसला' (१९६३) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. रोजनिशीतील नोंदी, इतिहाससंशोधनाचे विडंबन अशी वळणे ती घेते आणि प्रत्येक वेळी पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्याच्या ढंगाकडे परतते. तेथे लवचिकता आहे ती निवेदकाच्या स्वराची. रूपबंधाची म्हणून तिची जी वाखाणणी होते, ती मला पटत नाही.